पहिला मान सुनेचा

माणसाने आपल्यामागे काहीतरी कायमचं ठेवून जावं, पतवंडांनी बोट दाखवून 'हे आमच्या म्हाताऱ्याने केलं' असं सांगावं, याहून मोठी इच्छा माणसाने धरू नये, असं केरबाचं मत होतं. हे मत त्याने वैशाखातल्या एका सकाळी, घरामागच्या खड्ड्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून बजरंग गवंड्यासमोर मांडलं. खड्डा संडासाच्या टाकीचा होता.

बजरंगने टोपी मागे सारून खाली पाहिलं. जेसीबी उन्हं चढायच्या आधीपासून मुरूम उकरत होता आणि खड्डा आताच केरबाच्या माजघराएवढा झाला होता. तुमच्या घराला एवढी सेफ्टी टाकी रग्गड पुरेल, असं बजरंग म्हणाला.

"पुरायची न्हाई," केरबा म्हणाला. "भरता कामा नये."

"कवापातुर?"

"कवाच."

बजरंगने जेसीबीवाल्याला हात केला. जेसीबी पुन्हा वाकला.

कामशेतहून आत, डोंगराच्या पोटाला असलेल्या त्या घराला टाकीची गरज पडली ती सुनेमुळे. खरं तर पडायला नको होती, कारण संडास घरात नसला तरी दारात होता. सरकारी योजनेतला, पत्र्याच्या दाराचा, गोठ्याला लागून, सिमेंटच्या कड्यांच्या एका अरुंद खड्ड्यावर बसवलेला. गावात बऱ्याच जणांनी अशा संडासात सरपण आणि गोवऱ्या भरल्या. केरबाने असला गैरवापर होऊ दिला नाही. त्याने कुलूप लावलं. खड्डा एवढासा, वापरला तर भरणार, भरला तर उपसायला कोण येणार, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. तेव्हा न भरू देणं हाच त्यावर उपाय होता. घरातली माणसं पूर्वीसारखीच ओढ्याकडे जात राहिली आणि संडास कोरा करकरीत राहिला.

मुलाचं, आदिनाथचं, लग्न झालं आणि लोणावळ्याजवळच्या वलवणची अपेक्षा घरात आली, तेव्हा केरबाने मोठं मन करून तिला तो वापरायची मुभा दिली. चावी मात्र स्वतःच्या करगोट्याला बांधली, नाहीतर ज्याने त्याने उघडला असता. सुनेने सासूला, म्हणजे अंबूबाईला, सांगायचं. अंबूबाईने ओसरीच्या उंबऱ्याशी येऊन "अवं, चावी" म्हणायचं. मग केरबाने, चार माणसांत बसलेला असला तरी, सदरा वर करून गाठ सोडायची. ती सुटेपर्यंत ओसरीवरची माणसं समोरच्या डोंगराकडे बघत. चावी सासूच्या हातातून सुनेच्या हातात जाई आणि त्याच वाटेने परत येई. अपेक्षाने पहिल्याच महिन्यात दुपारचं पाणी पिणं सोडलं. पुढे तिला दिवस गेले, आणि बाईला चावी किती वेळा लागू शकते याची माहिती साऱ्या आळीला झाली.

तिने नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. आदिनाथ तळेगावच्या एमआयडीसीत मोटारीचे सुटे भाग तपासायला होता. भोकात केसाएवढा फरक निघाला तरी तो अख्खी ट्रे माघारी पाठवत असे. बापाला सांगतो, म्हणाला. बापासमोर बसून जेवला, हात धुतला आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला.

सातव्या महिन्यात अपेक्षा बाळंतपणाला माहेरी गेली. चैत्रात मुलगी झाली. केरबा आणि अंबूबाई बाळंतविडा घेऊन वलवणला गेले.

अपेक्षाच्या आईचं, नंदाबाईचं, घर लहान होतं. नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, भिंती पिवळ्या, न्हाणीघर पांढऱ्या फरशीचं. नंदाबाईने व्याह्यांना आग्रह करकरून बासुंदी वाढली. केरबाने मान राखला. थोड्या वेळाने पोटाने राखला नाही. संडासाचं दार समोर दिसत होतं, पण विहिणीच्या घरात, विहिणीदेखत, त्या दाराकडे चालत जायचं म्हणजे तिला कळणार. केरबा जरा पाय मोकळे करून येतो म्हणून बाहेर पडला आणि धरणाच्या बाजूला निघाला. धरण म्हणजे झाडी, झाडी म्हणजे आडोसा, असा त्याचा हिशेब होता.

दिवस रविवारचा होता. पहिल्या झुडपामागे एक जोडपं बसलं होतं. दुसऱ्यामागे गाडीच्या डिकीचा दरवाजा उघडून एक अख्खं कुटुंब भेळ खात होतं. पुढे मक्याची कणसं भाजणारे, पुढे घोडेवाले. केरबा घाम पुसत, पावलं आखडती टाकत फिरत राहिला. एका बाईने त्याच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाली, "काका, आमच्या सगळ्यांचा एक फोटो काढा ना." केरबाने पाय एकमेकांना चिकटवून, ओठ दाबून त्यांचा फोटो काढला. हलला म्हणून त्यांनी पुन्हा काढायला लावला.

तो परत आला तेव्हा नंदाबाई दारातच उभी होती. तिने एकदा त्याच्या कपाळाकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, उजवीकडचं दार," ती हळूच म्हणाली. "पाणी आहे आत."

केरबा गेला. बाहेर आला तेव्हा अंबूबाई नातीला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती. म्हणजे बोलणं आधीच झालेलं होतं. नंदाबाईने त्याला टॉवेल दिला.

"तुम्हाला इथं कुणाकडे चावी मागावी लागली नाही ना?"

केरबाने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"घरात संडास बांधा. आतून कडी लागेल असा. मग लेक आणि नात मी स्वतः आणून सोडते. तोवर दोघी इथंच राहतील."

परतीच्या गाडीत केरबा खिडकीतून बाहेर पाहत होता. लोक काय म्हणतील याचा तो विचार करत होता. सून नांदायला येत नाही, एवढं लोकांना कळलं तर चालण्यासारखं होतं. कशासाठी येत नाही, ते कळलं तर चालण्यासारखं नव्हतं. कामशेतला उतरल्यावर तो अंबूबाईला म्हणाला, "असला बांधतो, का त्या बाईनं बघत ऱ्हावं."

जागा ठरवायला वेळ लागला नाही. पुढे तुळस होती, पूर्वेला देव्हाऱ्याची भिंत, एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला रस्त्याने येणारी-जाणारी माणसं. राहिली मागची बाजू. तिथे वरच्या भातखाचराचा बांध होता आणि बांधाखाली मोकळी जागा. वैशाखात खाचर तडकून गेलं होतं, ढेकळं पायाला टोचत होती. जेसीबीला मागे जायला वाट नव्हती म्हणून गोठ्याजवळचा जुना संडास पाडला. आता त्याचं कामच काय, असं म्हणून केरबाने स्वतः पहिला घण घातला.

आदिनाथने मोबाइलवर एक नकाशा काढून आणला होता. त्यात टाकीला तीन कप्पे होते, एकातलं पाणी दुसऱ्यात जात होतं. केरबाने मोबाइल लांब धरून पाहिला.

"घराला दोन खोल्या, आन् घाणीला तीन?"

नकाशा तिथेच संपला. बजरंगने त्याहून चांगली गोष्ट सांगितली. टाकी भरते ती तळामुळे. तळच ठेवला नाही, भिंतींना मध्येमध्ये फटी ठेवल्या, तर पाणी मुरून जातं आणि टाकी जन्मात भरत नाही. हे ऐकून केरबाचा चेहरा इतका उजळला की अंबूबाईने चहा टाकला. कुणाला बोलवायला नको, कुणाचं तोंड बघायला नको. आजवर हे कुणाला सुचलं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

"आबा, वर खाचर हाय," आदिनाथ एवढंच म्हणाला.

"हाय की. खाचर वर हाय, टाकी खाली हाय. मंग?"

यात चूक काय ते आदिनाथला आत कुठेतरी दिसत होतं, पण मोठ्याने सांगता येत नव्हतं. कंपनीची बस आली.

खड्डा बघायला माणसं येऊ लागली. कुणी विचारलं, ट्रॅक्टर ठेवायचा का. कुणी म्हणालं, केरबाआबा भुयार काढून थेट लोणावळ्याला सुनेला भेटायला जाणार. बंगले भाड्याने देणारा एक दलाल रस्त्यावर मोटरसायकल थांबवून आत आला आणि पोहण्याचा तलाव कधी पूर्ण होणार, शनिवार-रविवारला गिऱ्हाईक देतो, असं सांगून नंबर ठेवून गेला. केरबाने त्याला खरं सांगितलं नाही. बघू, म्हणाला.

मृगाच्या आत टाकीवर स्लॅब पडला. घरात, पडवीचा कोपरा अडवून, गुलाबी फरशीचा संडास झाला. बसायचं भांडं खुर्चीसारखं, आतून पितळी कडी, वर खिडकी. अंबूबाईने दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. केरबाने नारळ फोडला आणि सर्वांदेखत सांगितलं की सून येईपर्यंत यात कुणी पाय ठेवायचा नाही. पहिला मान सुनेचा.

अंबूबाईला वाटलं होतं, म्हातारा चार दिवसांत विसरेल. तो विसरला नाही. सगळा आषाढ त्या घरातली माणसं गुलाबी फरशीच्या बंद दारावरून, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन, ओढ्याकडे जात राहिली. आदिनाथचं कंपनीत भागत होतं. अंबूबाईचे गुडघे वाकत नव्हते. एकदा ती निसरड्यावरून घसरली आणि लुगडं चिखलाने भरवून घेऊन आली. भाताच्या आवणीला उशीर झालेल्या कुणा शेजारणीने विचारलं तेव्हा ती, खाचरात रोपं लावताना पडले, असं म्हणाली. खाचर वर होतं आणि चिखल ओढ्याचा होता. शेजारणीने पुढे विचारलं नाही.

वरच्या खाचराची चिखलणी झाली, इंद्रायणी भाताची रोपं लागली. बांध नीट बांधून केरबाने पाणी अडवलं. त्या वर्षी पाणी छान अडलं, पोटरीपर्यंत उभं राहिलं. रोज सकाळी तो बांधावर उभा राहून एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला टाकीचा स्लॅब पाही. दोन्हीकडे त्याला समाधान वाटे.

श्रावणात नंदाबाई शब्दाप्रमाणे लेकीला आणि नातीला घेऊन आली. अंबूबाईने उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आळीतल्या बायका बाळ बघायला म्हणून ओसरीत येऊन बसल्या. बाळ बघून झाल्यावरही कुणी उठलं नाही. केरबा नवा सदरा घालून आला आणि नंदाबाईला म्हणाला, "या, बगून घ्या."

नंदाबाईने दार उघडलं, फरशीवरून हात फिरवला, कडी लावून काढून पाहिली, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. "छान केलंत," ती म्हणाली. मग खात्री करावी म्हणून तिने फ्लशचं बटण दाबलं.

भांड्यात पाणी आलं. ते खाली जायच्या ऐवजी वर आलं. पोटात गुरगुरल्यासारखा आवाज झाला, काठापर्यंत चढलं, क्षणभर तिथे थांबलं आणि मग गुलाबी फरशीवर उतरलं. बटण सोडलं तरी येत राहिलं. पडवीतून ओसरीत आलं. बायकांनी पाय वर घेतले. एकीने बाळाचं दुपटं उचललं.

पाणी अंबूबाईच्या पाटाखाली गेलं आणि पलीकडून निघालं.

"भरलीय," नंदाबाई म्हणाली. "पण वापरलं कुणी?"

केरबाने खरं ते सांगितलं. कुणीच नाही. ते त्याचं त्यालाच खोटं वाटलं. बायका एकेक करून पदर सावरत उठल्या, आणि त्या घरी पोचायच्या आत गावाला बातमी लागली, की केरबाची ती अवाढव्य टाकी, भुयाराएवढी टाकी, एका पावसाळ्यात काठोकाठ भरली. घरात माणसं तीन. म्हैस घेऊन जाणारा एक जण कुंपणाशी थांबला आणि आबा, तुमच्याकडं पाव्हणे लय येऊन गेले का, असं अगदी काळजीने विचारून गेला. बजरंगचा फोन बंद होता. तो लोणावळ्याला कुणाच्या बंगल्यावर दुसरी टाकी बांधत होता.

नंदाबाईने आल्यापासून पिशवीची दोरी सोडली नव्हती. "संध्याकाळपर्यंत बघू," ती अपेक्षाला म्हणाली. बाळंतिणीला संध्याकाळपर्यंत थांबता येत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. केरबालाही माहीत असावं, कारण त्याने छत्रीसुद्धा घेतली नाही आणि तो बांधावरून राजेंद्रच्या घराकडे निघाला.

राजेंद्रचं शेत केरबाच्या शेताला लागून होतं. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. ते कसं सोडलं आणि मग गावाला काय काय करावं लागलं, ही गोष्ट केरबाने बापाच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की ती काल घडल्यासारखी त्याच्या डोक्यात होती. मधली वर्षं त्यात नव्हती. राजेंद्र देहूरोडला फॅक्टरीत नोकरी करून निवृत्त झाला होता, त्याची बायको यशोधरा तालुक्याच्या शाळेत शिकवत होती, आणि त्यांच्या घरात पहिल्यापासून संडास होता. तो ती माणसं रोज, बिनदिक्कत वापरत.

राजेंद्र व्हरांड्यात औषध फवारायचा पंप उघडून बसला होता. केरबा पायरीवरच उभा राहिला. वळचणीचं पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं.

"राजेंद्रराव," तो म्हणाला.

राजेंद्रने वर पाहिलं. आजवर तो केरबाच्या तोंडी राज्या होता.

केरबा आधी भातावर बोलला. मग करपा रोगावर, मग पावसावर. राजेंद्रने तिन्हींवर मान हलवली. मग केरबा म्हणाला, टाकी भरली.

"कळलं मला."

"मंग ती उपसायची म्हंजी..." केरबाने पंपाच्या नळीकडे पाहिलं. "तुमच्यातला कुणी मानूस असंल तर सांगा. मानानं वागवू."

राजेंद्रने पाना खाली ठेवला.

"आमच्यातला म्हणजे?"

"म्हंजी... ह्ये काम करणारा."

आत भाजी चिरण्याचा आवाज होत होता, तो थांबला. यशोधरा दारात आली, तिच्या ओल्या हाताचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. तिने केरबाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेली. चिरण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

"केरबाभाऊ," राजेंद्र म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "माझी सगळी नोकरी लेथवर गेली. ही गणित शिकवते. थोरला बँकेत आहे. आमच्यातला कुठला पाठवू?"

"तसं न्हाई म्हनायचं मला."

"तसंच म्हणायचंय. तेवढ्यासाठी पावसातून आलात."

केरबाला पायरीवरून उतरून निघून जाता आलं असतं. पण घरी पिशवीची दोरी होती. तो उभा राहिला. पाणी खांद्यावरून कोपरापर्यंत आलं.

"आमचीसुद्धा मागे एकदा उपसावी लागली," राजेंद्र पाना उचलत म्हणाला. "टँकरवाल्याला फोन केला. तो आला, पाइप टाकला, ओढून घेतलं, गेला. झालं." मग त्याने स्वतःच फोन लावला, केरबाच्या घराची खूण सांगितली, आणि येतोय म्हणाला, असं कळवलं.

"मानूस कोन हाय?" केरबाने विचारलं.

"टँकरवाला."

परत येताना बांधावर, निम्म्या वाटेत, समोरून अपेक्षा आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने साडी घोट्यावर धरलेली. बांध एका पावलाचा. दोघांपैकी एकाला खाली उतरायला लागणार होतं, आणि कुणी उतरायचं हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. अपेक्षा थांबली. उतरली नाही.

"आबा, मी यशोधराकाकूंकडे जाऊन येते. त्यांना फोन केलाय."

केरबा दोघांच्या मधल्या बांधाकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कपाळावर घाम होता, आणि ओठ दाबलेले होते. तो घाम त्याच्या ओळखीचा होता.

तो खाचरात उतरला. पोटरीपर्यंत आत गेला, पायाखाली भाताच्या रोपांचे दोन-तीन चूड मोडले. ती त्याच्या बाजूने, छत्री जरा तिरकी धरून, पुढे निघून गेली. राजेंद्रच्या व्हरांड्यात पोचून ती आत गेली तरी केरबा चिखलातच उभा होता. त्याला वाटत होतं, तिने चावी मागितली असती तर बरं झालं असतं. मग पाय काढता येईना, म्हणून बांधाला धरून ओढून काढावा लागला.

टँकर दुपारी आला. निळा, धुतलेला, मागे जाड पाइपाचं वेटोळं. गाव लांबून उभं होतं. टँकरच्या केबिनमधून एक धट्टाकट्टा, गळ्यात साखळी घातलेला माणूस उतरला, हातमोजे चढवत आत आला, आणि अंबूबाईला बघून जागीच थांबला.

तो सुदुंबऱ्याचा ओंकार होता. अंबूबाईच्या सख्ख्या भावाचा मुलगा. आदिनाथच्या लग्नात त्याला फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, कारण त्याचा टँकरचा धंदा जोरात होता. टँकर पाण्याचे असतील, असं सगळे धरून चालले होते. त्यानेही कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं.

"आत्या," तो म्हणाला. "मी हिकडं घरी कवा आलोच न्हवतो. हे घर तुमचं हाय म्हनून ठावंच न्हवतं. खूण सांगितली फक्त." मग काय करावं न सुचून त्याने हातमोजे काढले आणि वाकून तिच्या पाया पडला.

अंबूबाईने पाय मागे घेतला.

एवढासाच. वीतभरसुद्धा नाही. ओंकारचे हात जमिनीला लागले. तो तसाच थोडा वेळ वाकलेला राहिला, जणू काही हुडकतोय. अंबूबाईने चटकन त्याच्या डोक्यावर हात ठेवला, औक्षवंत हो म्हणाली, वहिनी कशी आहे विचारलं, पण ते सगळं नंतर होतं. ओंकारने हातमोजे पुन्हा चढवले.

"मामा, झाकान उघडा," तो केरबाला म्हणाला.

पाइप आत गेला, मशीन सुरू झालं. बघ्यांनी पदर आणि रुमाल नाकाला लावले. बराच वेळ लावून धरले. मग एकाने रुमाल काढला. ओंकारने मशीन बंद करून झाकणातून डोकावलं, पाइपाच्या तोंडाचं पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला.

"मामा, ह्यात कायच न्हाई. निवळ पानी हाय. खाचराचं."

"कायच न्हाई?"

"एक बेडूक हाय."

केरबाचा चेहरा पहिल्यांदा वर आला. तो कुंपणापर्यंत गेला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "निवळ पानी हाय. आमचं काय बी न्हाई त्यात." गावाने ऐकलं. तो परत आला तेव्हा ओंकार टाकीत काठी घालून बघत होता. टँकर भरला होता आणि टाकीतलं पाणी होतं तिथेच होतं.

"तळ न्हाई ना ह्याला," ओंकार म्हणाला. "वरनं खाचर उतरतंय आत. मी आठवडाभर ओढलं तरी हाय तेवढंच ऱ्हानार. टाकी न्हाई मामा ही, हीर हाय. भात निघंस्तवर काय करता यायचं न्हाई."

त्याने टँकर केरबाच्याच खालच्या शेतात रिकामा केला. जेवायला थांब, असं अंबूबाई तीनदा म्हणाली. दुसऱ्या गावाला जायचंय, असं तो तिन्ही वेळा म्हणाला आणि गेला.

नंदाबाई मधल्या वेळात राजेंद्रकडे जाऊन आली होती. तिने पिशवी खुंटीला अडकवली. केरबा ओसरीच्या कडेला चिखलाचे पाय खाली सोडून बसला होता, त्याच्यासमोर येऊन ती उभी राहिली.

"अपेक्षा राहील," ती म्हणाली. "यशोधराबाईंशी बोलले मी. मागचं दार उघडंच असतं म्हणाल्या. केव्हाही या, विचारू नका म्हणाल्या."

केरबाने मान हलवली. ज्या घरी तो सकाळी ते बोलून आला होता, त्या घराने दुपारी हे ठरवलं होतं, आणि ठरवताना त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

त्या दिवसापासून अपेक्षा बांधावरून जाऊ लागली. आठवड्याने अंबूबाईही जाऊ लागली, गुडघ्यांचं निमित्त करून. आदिनाथ सुटीच्या दिवशी जाई, आणि राजेंद्र दिसला की कंपनीतलं काहीतरी बोले. केरबा महिनाभर ओढ्याकडेच गेला. मग एका पावसाच्या सकाळी तोही गेला, छत्री तोंडावर ओढून. मागच्या दाराशी यशोधरा शाळेला निघालेली समोर आली. तिने बाजूला होऊन वाट दिली आणि आत बादली भरलेली आहे, असं सांगितलं. राजेंद्रने कधीच काही विचारलं नाही, आणि केरबाने कधीच काही सांगितलं नाही. त्या दिवशीचं चुकलं, हे बोलून दाखवायचं म्हणून तो कितीतरी वेळा व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आला आणि भातावर बोलून गेला.

बजरंग भाद्रपदात उगवला. भात निघालं, पाणी उतरलं, की तळ घालून देतो म्हणाला. वरच्या खाचरातलं इंद्रायणी त्या वर्षी चांगलं आलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दोन घरांच्या वापराने, राजेंद्रची टाकी भरली.